बदलीचं पोर

मी एक जुना शब्द आहे. मी लोखंडाचा नाही, लाकडाचा नाही, मला हात लावून पाहता येत नाही. तरी मी झिजतो आणि मलाही गंज चढतो. सध्या माझा मुक्काम एका घडी घातलेल्या पत्रात आहे. ते पत्र एका आईने लिहिले होते. ज्या म्हाताऱ्या पाद्र्याला तिने ते लिहिले, त्याने पुष्कळ वर्षे त्याचे उत्तर दिले नाही. पत्राच्या शेवटी, शाई जरा फुटली आहे तिथे, मी बसलेला आहे.

मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून तुम्हाला आनंद होईल असे मला वाटत नाही. ती सांगावी की सांगू नये, याचा मी बराच विचार केला. शब्दाला स्वतःविषयी बोलायची सवय नसते. दुसऱ्यांविषयी बोलण्यातच त्याचा जन्म जातो. त्यामुळे सांगताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझे नाव उम्स्किप्टिंगुर. आइसलंडबाहेर सहसा कोणी माझा उच्चार करायला जात नाही. तुमच्या बोलीत सांगायचे तर माझा अर्थ आहे ‘बदलीचं पोर’.

माझे कूळ साधे आहे. माझा बाप देवाणघेवाणीचा शब्द होता. मेंढा देऊन लोकर घेतली, लोणी देऊन सुका मासा घेतला, की लोक त्याला बोलावत. तो कष्टाळू होता आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्यापासून मला कोणी घडवले, ते मला नक्की सांगता येणार नाही. आपला जन्म कोणाला आठवतो? पण तो कसल्या घरात झाला असेल ते मी सांगू शकतो. त्या घरात पाळणा असणार. पाळण्यातले मूल कालपर्यंत हसत असणार. मग ताप आला असेल, आणि तापातून उठल्यावर ते मूल हसेनासे झाले असेल, मान धरेनासे झाले असेल, आईकडे पाहीनासे झाले असेल.

आमच्याकडे टेकड्यांच्या पोटात आल्फ राहतात, असे मानतात. ते दिसायला माणसांसारखेच, किंबहुना माणसांहून देखणे. त्यांच्या गायी आमच्या गायींहून दुधाळ. त्यांच्याकडे सगळे आहे, फक्त माणसांच्या मुलांची हाव सुटत नाही. घरात कोणी नसले की ते येतात, पाळण्यातले धडधाकट मूल उचलतात आणि त्या जागी आपले दुबळे मूल ठेवून जातात.

त्या पहिल्या घरात कोणीतरी आईच्या पाठीवर हात ठेवला असेल आणि म्हटले असेल, ‘‘रडू नकोस गं. हे तुझं नव्हेच. तुझं तिकडं टेकडीत आहे, चांदीच्या वाटीतून दूध पितंय.’’ तो पाठीवरचा हात म्हणजे मी. माझ्याविषयी मला एवढेच आठवायला आवडते. जन्मलो तेव्हा मी वाईट नव्हतो.

पण देवाणघेवाणीच्या घरात जन्मलेला मी. जे बदलले ते परत बदलून घेता येते, हा हिशेब माझ्या रक्तातच होता. पुढच्या माणसांनी तो बरोबर ओळखला. पाळण्यातले मूल जर टेकडीतल्या आईचे आहे, तर ते रडले की तिचे काळीज तुटणारच. त्याला पुरेसे रडवले तर ती धावत येईल, आपले घेईल आणि तुमचे देईल. त्यासाठी भूर्जाच्या ओल्या फांद्या पुरेशा होत्या. अशा रीतीने पाठीवर ठेवलेला हात उगारला गेला. तो कोणत्या घरात पहिल्यांदा उगारला गेला, मला आठवत नाही. आठवत असते तरी सांगितले नसते.

त्यानंतर मी शेकडो वर्षे काम केले. आज्या माझे नाव घेऊन नातवंडांना घरात ठेवत. हट्ट करणाऱ्या मुलाला ‘‘हा तर बदलीचाच दिसतोय’’ म्हणून टपली मारत, तेव्हा घरात हसू होई आणि मलाही बरे वाटे. माझ्या भीतीने एक रीत पडली. आई पाळणा सोडून जाताना आधी अंथरुणावर बोटाने एक क्रूस काढी, त्यावर मुलाला निजवी, मग मुलाच्या अंगावर दुसरा क्रूस काढी. एक खालचा, एक वरचा. दोन्ही बाजू बंद झाल्या की मी आत येऊ शकत नाही, असे मानत. त्या क्रुसांचा मला कधी राग आला नाही. आयांची बोटे अंथरुणावरून फिरताना पाहणे मला आवडे.

आता त्या पाद्र्याविषयी सांगतो. त्यांचे नाव ओद्दुर. म्हातारपणी देवळाचे काम सोडून ते एका खोलीत राहत. खोलीला गवताच्या ढेपांच्या भिंती, एक खिडकी, एक मेज, आणि मेजावर, मेजाखाली, अंथरुणावर सगळीकडे शब्द. कोपनहेगनमध्ये काही विद्वान मोठा शब्दकोश करत होते. त्यांच्यासाठी ओद्दुर जुने शब्द जमवत. एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द आणि खाली अर्थ. स्वभावाने ते इतके भिडस्त होते की दारावर कोणी थाप मारली तर आधी चिठ्ठ्या सारख्या करत, मग केस सारखे करत, तोवर पाहुणा कंटाळून स्वतःच आत येई. अर्थ लिहिल्यावर त्यापुढे बारीक अक्षरात ‘बहुधा’ असे लिहायची त्यांची सवय होती. विद्वानांनी दोनदा कळवले की एवढे ‘बहुधा’ छापता येणार नाहीत.

माझ्या चिठ्ठीवर त्यांनी माझे नाव सुरेख लिहिले. ‘‘किती जुना, किती घट्ट विणलेला शब्द,’’ असे ते स्वतःशीच म्हणाले. इतके कौतुक माझे कोणी कधी केले नव्हते. पण खालची जागा त्यांनी कोरी ठेवली. पेन उचलत, माझ्याकडे पाहत आणि दुसरी चिठ्ठी घेत.

अशा वेळी ते पत्र आले. माळाच्या पलीकडे एक अरुंद खोरे आहे. तिथून टपालवाल्या केतिलने ते आणले. पत्र असे होते:

‘‘पाद्रीबाबांना नमस्कार. तुम्ही जुन्या शब्दांचं पुस्तक करता असं केतिल सांगतो. माझ्या सिग्नीला आमच्या घरात सगळे एका शब्दानं हाक मारतात. तो शब्द खाली लिहिला आहे. त्याचा खरा अर्थ काय ते कळवावं. तुमचं उत्तर मी सगळ्यांपुढं वाचून दाखवीन. तुमचं सगळे ऐकतात. बर्फ पडायच्या आत कळवलंत तर फार बरं होईल. ब्रांदुरची बायको, स्टेनवर.’’

आणि त्याखाली मी.

मित्रांनो, जिथे मला उच्चारतात तिथे मी असतोच. त्यामुळे ओद्दुरना जे माहीत नव्हते ते मला माहीत होते. त्या घरात मी उन्हाळ्यापासून होतो.

गवत कापून वाळत घातले होते. दुपारी एकाएकी आभाळ भरून आले. गवत भिजले तर हिवाळ्यात मेंढ्या मरतात, म्हणून घरातला प्रत्येक माणूस कुरणाकडे पळाला. स्टेनवरने सिग्नीला पाळण्यात ठेवले आणि पळता पळता दारातूनच हवेत क्रूस काढला. गवत वाचले. त्याच आठवड्यात खोऱ्यात तापाची साथ आली. साथ सगळ्या घरांत आली. पण सिग्नी तापातून उठली तेव्हा तिला बसता येत नव्हते आणि आधी येत असलेले चार शब्दही गेले होते.

स्टेनवरची सासू अर्नब्योर्ग चुलीपाशी विणत बसली होती. विणता विणताच तिने विचारले, ‘‘सूनबाई, त्या दिवशी खालचा काढला होतास?’’

‘‘वरचा काढला होता.’’

‘‘मी खालचा विचारतेय.’’

‘‘आभाळ आलं होतं, सासूबाई. गवत भिजलं असतं.’’

‘‘गवत वाचलं ना? मग आता गवतच खा.’’

ब्रांदुर दाराशी जोडे काढत होता. तो म्हणाला, ‘‘आई, ताप सगळ्यांच्याच घरी होता.’’

‘‘सगळ्यांच्या पोरी बोलतात. माझ्या नातीला तुझ्या बापाचं नाक होतं. ह्याला आहे? ये, इकडे येऊन बघ. लांबून काय बघतोस?’’

तापाने चेहरा ओढला की नाकही वेगळे दिसते. ब्रांदुर जवळ आला, बराच वेळ पाहत राहिला आणि पुन्हा जोडे घालून बाहेर गेला. तेव्हा म्हातारीने माझे नाव घेतले. त्या घरात त्या दिवसापासून कोणी सिग्नी म्हटले नाही.

अर्नब्योर्ग दुष्ट होती असे समजू नका. तिला तिची नात परत हवी होती. ती टेकडीतल्या सिग्नीसाठी मोजे विणत होती. तिकडे पोर वाढत असेल, म्हणून प्रत्येक जोड आधीच्यापेक्षा जरा मोठा. एकदा स्टेनवर म्हणाली, ‘‘सासूबाई, हिचे पाय गार पडलेत. एक जोड घालू का?’’

‘‘टेकडीतल्यांचे पाय त्यांना सांभाळू दे,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘उगाच ऊब देऊ नकोस. बरं वाटलं तर कशाला परत जाईल ते?’’

पहिले बर्फ पडले की त्याला कुरणातल्या खडकापाशी न्यायचे, असे तिने ठरवले. त्या खडकात टेकडीतल्यांचे दार आहे असे मानत, म्हणून त्याच्याभोवतीचे गवत कोणी कापत नसे. ते ऐकून स्टेनवरने चोरून पत्र लिहिले.

ओद्दुरनी ते पत्र वाचले आणि उत्तर लिहायला घेतले. ‘‘स्टेनवर, तुझा प्रश्न महत्त्वाचा आहे.’’ इथे थांबले. ‘‘या शब्दाचे तीन अर्थ आढळतात.’’ इथेही थांबले. टेकडीत कोणी नाही असे ठामपणे लिहावे, तर ते त्यांनी कधी पडताळून पाहिले नव्हते. आहे असे लिहावे, तर ते पाद्री होते. त्यांना वाटे, आपल्या एका ओळीवर एवढे ओझे ठेवणारी ही बाई आपल्याला फार मोठा समजते. केतिल दाराशी येऊन ओरडे, ‘‘पाद्रीबाबा, त्या खोऱ्यासाठी काही आहे का?’’ आणि ते म्हणत, ‘‘पुढच्या खेपेला. अजून एक पुस्तक बघायचं राहिलंय.’’

पुस्तक बघून झाले. त्यात काही नव्हते. मग बर्फ पडले.

खडकापाशी काय झाले ते मी थोडक्यात सांगतो. दुपारी सासू आणि सून तिला घेऊन तिथे गेल्या. म्हातारीने मोठ्याने माझे नाव घेतले आणि म्हणाली, ‘‘तुमचं घ्या, आमचं द्या.’’ मग फांद्या उचलल्या. पण सिग्नी रडली नाही. तापानंतर तिचे रडणेच गेले होते. ती फक्त आजीच्या हाताकडे पाहत राहिली. रडणे ऐकू गेल्याशिवाय तिकडची आई कशी येणार? म्हणून त्यांनी तिला खडकाला टेकवून ठेवले आणि दोघी कुरणाच्या भिंतीआड जाऊन उभ्या राहिल्या. अदलाबदल होताना माणसाने बघायचे नसते. स्टेनवरने दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले होते. मी तिथेच होतो, मित्रांनो. म्हातारी भिंतीआडून मला पुन्हा पुन्हा पुकारत होती, आणि मला उलट काही बोलता येत नव्हते.

सिग्नीला घरी आणल्यावर ती खोकत राहिली आणि त्या आठवड्यातच गेली. म्हातारी म्हणाली, ‘‘हात हलका पडला माझा.’’ मग ती खूप रडली. विणलेले सगळे मोजे तिने खडकावर नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी मोजे तिथे नव्हते. त्या माळावर वारा कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक होते. तरी घरात म्हणाले, ‘‘पोहोचले.’’

त्यानंतर स्टेनवर मला सोडीना. तिने माझा अर्थ पुन्हा कोणाला विचारला नाही. मातीत पुरले ते दुसऱ्याचे होते, तिची सिग्नी तिकडे उबदार मोजे घालून नाचते आहे, एवढ्यावर ती उठत होती, मेंढ्यांच्या धारा काढत होती, जेवत होती. मी पुन्हा पाठीवरचा हात झालो होतो. पण आता त्या हाताखाली काय आहे ते मला माहीत होते.

केतिलने ओद्दुरना बातमी सांगितली. त्यांनी पत्राची घडी घातली, त्यावर माझी कोरी चिठ्ठी ठेवली आणि दोन्ही एका पेटीच्या तळाशी सरकवली. वर्षे गेली. बाकीच्या चिठ्ठ्या जहाजाने कोपनहेगनला गेल्या. समुद्राचे, गवताचे, लोकरीचे, घोड्यांच्या रंगांचे सगळे शब्द छापले गेले. मी अंधारात पडून राहिलो. हरवलेल्या वस्तूला निदान कोणी शोधत असते. मला कोणी शोधू नये म्हणूनच ठेवले होते.

या शरद ऋतूत केतिल पुन्हा आला. जोड्यांवरचा चिखल न झाडताच आत येऊन बसला.

‘‘पाद्रीबाबा, कॉफी टाका. आणि बसा. ब्रांदुरच्या घरी पुन्हा तेच चाललंय.’’

ओद्दुर उभेच राहिले. ‘‘म्हातारी?’’

‘‘म्हातारी कधीच गेली. आता सूनच म्हातारीसारखं बोलते. मुलगा झालाय त्यांना. दोन वर्षांचा असेल, मान लुळी, नजर भलतीकडेच. मी म्हटलं, स्टेनवर, नाव काय गं ह्याचं? तर म्हणते, खऱ्याचं नाव होग्नी. ह्याला कसलं नाव?’’

‘‘आणि ब्रांदुर काय म्हणतो?’’

‘‘ब्रांदुर मेंढ्यांशी बोलतो. माणसांशी बोलायचं सोडलंय त्यानं.’’ केतिलने चिमूटभर तपकीर ओढली. ‘‘भूर्जाच्या फांद्या दाराशी टांगल्यात तिनं, पाण्यात भिजवून. म्हणते, मागच्या वेळी सासूबाईंचा हात हलका पडला, म्हणून सिग्नी तिकडंच राहिली. ह्या वेळी चूक करायची नाही. बर्फाची वाट बघतेय.’’

ओद्दुरनी कॉफी ओतून पेला केतिलपुढे सरकवला. मग म्हणाले, ‘‘मी काय लिहू? मला नक्की असं काहीच माहीत नाही.’’

‘‘नक्की तुम्हाला कधी माहीत होतं? तरी दर रविवारी उभं राहून जन्मभर बोललातच ना?’’

ओद्दुरना हसू आले नाही. ‘‘केतिल, तिची मुलगी तिचीच होती, असं लिहिलं तर ती जगेल का रे?’’

केतिलने कॉफीचा पेला खाली ठेवला. ‘‘ते मला नका विचारू. मी आपला पिशवी वाहणारा. उद्या सकाळी वर खोऱ्याकडे निघतोय. आभाळ बघितलंत ना? ह्यानंतरची खेप वसंतातच.’’

तो गेल्यावर ओद्दुरनी पेटी उघडली. माझ्यावर किती दिवसांनी उजेड पडला. त्यांनी माझी चिठ्ठी हातात घेतली आणि मेजाशी बसून राहिले. ते शब्दांचा विचार करत नव्हते. ते त्यांच्या बायकोचा विचार करत होते. मला ते कळले, कारण त्या घरातही मी एकदा जाऊन आलो होतो.

त्यांची बायको गुद्फिन्ना. त्यांचा मुलगा इल्लुगी. त्यालाही तापाने असेच केले होते. पाद्र्याच्या घरात खालचा क्रूस आणि वरचा क्रूस एकही दिवस चुकला नव्हता, तरी केले. एका सकाळी त्याला भरवताना गुद्फिन्नाने अगदी हळू माझे नाव घेतले. ओद्दुर तेव्हा तरुण होते. त्यांनी पुस्तक खाली ठेवले. ‘‘हे तू पाद्र्याच्या घरात बोलतेस?’’

‘‘तुमचं पुस्तक तुमच्यापाशी असू द्या,’’ ती म्हणाली. चमचा थांबला नाही. ‘‘हे पोर कुणाचं का असेना, जेवायच्या वेळी माझ्या मांडीवर आहे. मी ह्याला उपाशी ठेवलं आणि तिकडं माझ्या इल्लुगीला कुणी उपाशी ठेवलं तर?’’

मग तिने त्याला दह्यावरची साय आधी दिली, अंथरुणातली भिंतीपासून दूरची उबदार जागा दिली, आणि रोज त्याला इल्लुगी म्हणूनच हाक मारली. तो पुष्कळ वर्षे जगला. बोलला नाही, पण तिची पावले ऐकली की हसू लागला. माझा हिशेब तोच होता, अदलाबदलीचा. तिने तो उलट बाजूने मांडला. माझ्या एवढ्या आयुष्यात मला असे वापरणारी ती एकटीच भेटली.

टेकडी रिकामी आहे असे लिहिले तर गुद्फिन्नाच्या हातून तो टेकडीतला इल्लुगी काढून घेतल्यासारखे होईल, म्हणून ओद्दुर तेव्हा थांबले होते. ती तर कधीच मातीत गेली होती. मेलेल्या बायकोला दुखवायचे नाही म्हणून त्यांनी जिवंत बाईला उत्तर दिले नव्हते. ही गोष्ट त्यांना त्या दिवशी कळली की आधीपासून कळली होती, ते मला सांगता येत नाही.

त्यांनी कागद घेतला. या वेळी ते थांबले नाहीत.

‘‘स्टेनवर, तुझं पत्र मला मिळालं होतं. मी उत्तर दिलं नाही. त्याला सांगण्यासारखं कारण नाही.

माझी बायको गुद्फिन्ना हिच्या मांडीवर असाच एक मुलगा होता. ती दोन्ही क्रूस रोज काढायची, एकदाही चुकली नाही. तरी तो तसा झाला. तेव्हा त्या दिवशीच्या गवताचा आणि तुझ्या हाताचा ह्यात काही संबंध नाही. हे मी तुला नक्की सांगतो.

टेकडीत कोण राहतं ते मला आजही माहीत नाही. पण गुद्फिन्ना म्हणायची, ह्याला जे भरवीन तेच तिकडं माझ्या मुलाच्या ताटात पडेल. तिच्या ह्या म्हणण्यात मला कधी चूक सापडली नाही, आणि चुका शोधण्यात माझा जन्म गेला.

होग्नीला होग्नीच म्हण. त्या फांद्या चुलीत घाल. त्याला मोजे विण. सिग्नीसाठी काही करावंसं वाटलं तर ते होग्नीला कर. तिला पोहोचेल. – ओद्दुर.’’

पूर्ण पत्रात ‘बहुधा’ कुठेच नव्हते. आणि मीही नव्हतो. ज्या शब्दाविषयी तिने विचारले होते, तो शब्दच त्यांनी लिहिला नाही.

त्यांनी सिग्नीविषयीचे सत्य टाळले, हे मला दिसले. ते धैर्य होते की जुनाच भित्रेपणा, याचा मी अजून विचार करतो. पण सत्य त्यांनी अगदीच सोडले नाही. पत्राची घडी घातल्यावर त्यांनी माझी कोरी चिठ्ठी ओढली आणि माझ्या नावाखाली लिहिले: ‘आजारी मूल. आईचे स्वतःचेच.’ जरा थांबून त्याखाली लिहिले: ‘कोणालाही या नावाने हाक मारू नये.’ शब्दकोशात असे लिहीत नाहीत. आता पाठवले तरी विद्वान ते छापणार नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी त्यांनी ते खोडले नाही.

मित्रांनो, शब्द स्वतः होऊन कोणाच्या तोंडात शिरत नाही. मला नेहमी कोणीतरी उच्चारले, तेव्हाच मी गेलो. तुमच्या गल्लीत, तुमच्या वर्गात, तुमच्या घरातही माझी भावंडे असतील. कोणी मंद असतो, कोणी चालताना लटपटतो, कोणी हाक मारली तरी वळून पाहत नाही, आणि त्याच्यासाठी एखादा सोपा, हसवणारा शब्द तयार असतो. त्या शब्दाने हाक मारण्याआधी त्या मुलाचे नाव काय ते एकदा आठवून पाहा. मला पुस्तकात राहू द्या. तिथे मी कोणाला मारत नाही. तोंडात मला जागा देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतिल घोडा घेऊन दाराशी आला. वारा उत्तरेचा होता आणि माळावर आभाळ खाली उतरले होते. ओद्दुर कधी नव्हे ते डोक्यावर टोपीही न घालता बाहेर आले. त्यांनी पत्र त्याच्या हातात दिले.

‘‘सगळ्यांपुढं वाच. ब्रांदुरला मेंढ्यांपासून आत बोलाव आणि मग वाच.’’

‘‘वाचतो. उलट उत्तर आणू?’’

‘‘नको.’’ ओद्दुरनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. ‘‘परत आलास की एवढंच सांग, पोराला काय म्हणून हाक मारतात.’’

केतिलने पत्र मेणकापडात गुंडाळले, पिशवीत घातले आणि पट्टा आवळला. घोडा माळाच्या दिशेने निघाला. बर्फाचे पहिले कण ओद्दुरांच्या केसांत अडकू लागले होते, तरी ते आत येत नव्हते. मी त्या पत्रात नव्हतो, म्हणून त्याच्याबरोबर जाऊ शकलो नाही. मी पेटीत, जुन्या पत्राच्या घडीत राहिलो, आणि त्या खोऱ्यातून मला कोणी हाक मारू नये म्हणून कान देऊन बसलो.